चौथ्याचं नाव

फादर, रोजी वहिनी, नंदाखालचे आणि भुईगावहून आलेले सगळे, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे जुने विद्यार्थी. पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

आज मी कागद घेऊन उभी आहे. मला बोलायला कधी कागद लागला नाही, हे तुम्ही जाणता. परवा दफनविधी आटोपल्यावर संयोजक मला म्हणाले, "टीचर, शोकसभेचं सूत्रसंचालन तुम्हीच करा. तुमच्याइतकं वेळेत कुणी आटपत नाही." त्या एका वाक्यामुळे मी घरी जाऊन लिहायला बसले. सूत्रसंचालन मी करणार नाही, असं त्यांना कळवलं. मला कबुली द्यायची आहे. ती लिहून आणली नसती, तर इथे उभं राहून मी ती टाळली असती.

हवालदार इनास. शौर्यपदक मिळालेला आपल्या गावचा माणूस. डोंगरावरच्या चौकीवर हल्ला झाला, तेव्हा गोळीबारातून तीन जखमी साथीदारांना एकेक करून पाठीवर खाली आणणारा. स्वतःच्या मांडीत गोळी असताना. हे तुम्हाला तोंडपाठ आहे. का? कारण दर सव्वीस जानेवारीला आणि दर पंधरा ऑगस्टला, याच हॉलमध्ये, याच माइकवरून मी ते वाचून दाखवलं आहे. शाल मी दिली. श्रीफळ मी दिलं. एकदा श्रीफळ घेताना ते हळूच म्हणाले, "टीचर, नारळाच्या वाडीतल्या माणसाला नारळ देताय, तोही सोललेला. न सोललेला दिला असता तर निदान रुजवला असता."

मी हसले नाही. कार्यक्रम सात मिनिटं मागे पडला होता.

मग त्यांचं मनोगत. त्यासाठी दोन मिनिटं. ते भरतीच्या दिवसापासून सुरुवात करायचे. मग बूट. मग थंडी. मग त्या उंचीवर भात कसा शिजतच नाही, कितीही उकळा, दाताखाली कच्चाच लागतो. मुलं हसायची. भातापर्यंत आले की दोन मिनिटं संपायची आणि मी टेबलावरची घंटी वाजवायची. "वेळेअभावी आपण इथेच थांबू." ते थांबायचे. सैनिक होते. वाक्य अर्ध्यावर सोडून सॅल्यूट करायचे आणि खाली बसायचे. खाली बसता बसता एकदा म्हणाले, आमचे सुभेदारसाहेब तुमच्यापेक्षा मवाळ होते.

मी मुख्याध्यापिका होते तितकी सगळी वर्षं हे चाललं. ते कधी भाताच्या पुढे गेले नाहीत. मी जाऊ दिलं नाही.

तुमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं का, की भातानंतर काय झालं? मीही नाही विचारलं.

यंदा, ईस्टरला आठवडा उरला असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ते माझ्या घरी आले. हातात वेलची केळ्यांचा फणा. ओट्यावर बसले, पाय लांब केला. म्हणाले, टीचर, तुम्ही आता रिटायर झालात, तुमच्याकडे वेळ असेल. मला दोन मिनिटांत बसेल असं लिहून द्या. मला मोजून बोलता येत नाही, मी भातातच अडकतो.

मी विचारलं, काय लिहायचं आहे?

ते म्हणाले, "मी तिघांना आणलं म्हणतात. पण मला चौथ्यानं आणलं, टीचर. तो वर थांबला. त्याची बंदूक चालू होती म्हणून मी तीनदा वर गेलो आणि तीनदा खाली आलो. चौथ्यांदा वर जात होतो त्याच्यासाठी. बंदूक थांबली. मग मला काही आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा सगळं लिहून झालं होतं, माझ्या नावावर. मला त्याचं नाव माइकवर घ्यायचं आहे. मुलांसमोर. एकदा."

मला चर्चमधल्या वाचनांच्या तालमीला जायचं होतं. पवित्र आठवड्याची वाचनं, कोण कुठे अडखळतं ते मला तपासायचं होतं. मी घड्याळ बघितलं. म्हटलं, इनासभाऊ, त्याचं नाव, गाव, हुद्दा नीट आठवून ठेवा. ईस्टर झाला की वही घेऊन बसू.

ते उठले. म्हणाले, "आठवून काय ठेवायचं? ते तर रोजच आठवतं."

पण नाव सांगितलं नाही. मी विचारलंच नव्हतं. नाव सांगायला किती वेळ लागतो? घंटी वाजवायला लागतो तेवढाच.

गुड फ्रायडेच्या सकाळी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी वही घेऊन गेले. रोजी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी हा कधी बोललाच नाही. स्टेजवर सांगेन, तेव्हा ऐक, म्हणायचा." मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. त्यांनी रेघ ओढली. नुसती आडवी रेघ. मी अक्षरं एकेक करून म्हणत गेले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. रोज गेले. आयुष्यभर मुलांना अक्षरं शिकवली, पण एका माणसाच्या तोंडून मला एक अक्षर काढता आलं नाही.

मग त्यांच्या पलटणीला पत्र लिहिलं. उत्तर आलं. त्या दिवशी त्या चौकीवर पाच जवान कामी आले होते, पाचांची नावं होती. मी ती त्यांच्या उशाशी बसून वाचली. सावकाश वाचली. मला वाटलं, खऱ्या नावाला ते डोळ्यांनी सांगतील.

पाचही नावांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पुन्हा वाचली. पुन्हा पाचही नावांना. मग मी कुठलं धरायचं, सांगा? त्यांनी डाव्या हातानं उशीखालून पदकाची डबी काढली आणि माझ्या हातात दाबली. ते पदक कुणासाठी आहे, ते मला कळलं. कुठल्या गावी, कुठल्या दारात न्यायचं, ते कळलं नाही. त्यानंतर नवव्या दिवशी ते गेले.

संयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेत मला तीन मिनिटं दिली आहेत. ती कधीच संपली. कुणी घंटी वाजवली नाही. का नाही वाजवली? त्यांच्यासाठी तर मी दर वेळी वाजवली.

आता मी ती पाच नावं या माइकवरून वाचणार आहे. प्रत्येक नावानंतर आपण उभ्यानं शांत राहू. किती वेळ, ते मी मोजणार नाही. घड्याळ मी घरी ठेवून आले आहे. पाचांत तो आहे. इनासभाऊ, याहून जवळ मला पोचता आलं नाही. तुम्हाला माझा सॅल्यूट. मला तो नीट करता येत नाही, तरी घ्या.

उठण्यापूर्वी एवढी नोंद ऐका. ती मी लिहून आणली आहे, खाली माझी सही आहे.

आज या सभेत रोजी वहिनींच्या हाती दिलं ते असं: शौर्यपदक एक, डबीसह. पलटणीचं पत्र एक, त्यात पाच नावं. वही एक, पहिल्या पानावर आडवी रेघ, पुढची पानं कोरी. द्यायचं राहिलं ते: एक नाव.