गोलात उभं करा

उदगीरला टँकरच्या रांगेत माझ्या पुढं दोघं उभे होते. फुटबॉलचे कोच निवृत्ती सर, आणि त्यांच्या एका खेळाडूची आई शरणम्मा.

"सर, आमच्या संगप्पाला संघातून काढा."

"अवो अक्का, लातूर जिल्हा नवा झालाय. जिल्ह्याचा पहिलाच संघ हाय ह्यो."

"खेळून आला की अर्धी घागर पितो. घरात घागर एकच हाय."

"तहान लागणारच की."

"तुम्ही हैदराबादला पगारी खेळत होता, तवा काय करत होता?"

"तिथं पाणी पाजायला माणूस होता. गुडघा गेला, म्हणून आलो इकडं शिकवायला."

"मग त्याला गोलात उभं करा. तिथं पळावं लागत न्हाई म्हणं."

"सगळ्याच आया तेच सांगायल्यात, अक्का. माझ्याकडं आता अकराच्या अकरा गोलकीपर हायेत."