सीन ओके होईपर्यंत

दाताच्या डॉक्टरांकडे सुजलेला गाल धरून बसलेली शाळकरी मुलगी शेजारी बसलेल्या मायलेकींकडे बघून उडालीच! यातली लेक तर सिनेमातली टिकली! आता मोठी बाई झालेली. पण टीव्हीवर लहानपणीची टिकली रडली, की आजही घरातले सगळे रुमाल ओले!

“अगं, एकच सीन आहे. दिग्दर्शक स्वतः फोन करतायत.”

“नाही म्हटलं ना, आई.”

“रडण्यात तुझा हात कोण धरणार?”

“मी रडायचे कशी, आठवतं? कॅमेरा सुरू व्हायच्या आधी तू कानात सांगायचीस, ‘बाबा गेले.’”

“पाच वर्षांची होतीस! नंतर सांगायचेच की, खोटं होतं म्हणून.”

“सीन ओके झाल्यावर. आणि बाबा खरंच गेले, तेव्हा तीन दिवस मी ‘ओके’ची वाट बघत बसले.”

शाळकरी मुलीचा हात गालावरून खाली आला. दात दुखत होता, हेच ती विसरली.

“लोक विसरतील गं तुला.”

“विसरू देत. मी पोहायला शिकवते. हात सोडायच्या आधी सांगते, म्हणून पोरं बिनधास्त पाण्यात उतरतात. मला माझं तेवढं असणं पुरतं.”

“बरं बाई. आजारी आहेस म्हणून कळवते त्यांना.”

“नको, आई. या वेळी खरं सांग.”