टोपीच तर घातली व्हती

...न्हाय, मला सांगा बायांनो, टोपीच तर घातली व्हती न्हवं का म्या? दुसरं काय केलं? पण अख्ख्या कळंबात आता माझं नाव एकच, बोट चुकिवणारी!

तुम्हाला सांगते, आमचे धाकटे भावजी, रणधीर, बोटीवर स्वयंपाकी. बोट म्हंजे होडी न्हाय, चांगली सात मजली! मुंबईहून गोव्याला लोक नुसते हिंडायला जातात तिच्यात. करोनाच्या पायी भावजींना खाली उतरायची परवानगी न्हाय, दीड वर्ष आईनं लेकाचं तोंड फोनातच बघितलेलं. शेवटी साहेबाच्या हातापाया पडून त्यांनी आम्हा घरच्यांचे बोटीवर यायचे पास काढले. आत्याबाईंनी, म्हंजे सासूबाईंनी, डबाभर शेंगापोळ्या केल्या.

अन् नियम तरी किती! दोन डोस पाहिजेत, दोन दिवसांच्या आतली टेस्ट पाहिजे... सुई बघून पळणाऱ्या आत्याबाई, पण लेकापायी दोन्हीदा दंड पुढं केला! उस्मानाबादला नाकात काडी घालताना डॉक्टरला म्हणल्या, "आणखी आत घाला सायेब, पण पास करा!" चौघंबी पास! माझी तीन वर्षांची शिवूसुद्धा!

आता मुंबईच्या बंदरावर समुद्राचं वारं हे असं सुटलेलं. पोरीच्या कानात शिरलं अन् ताप आला तर? मंग काय, लोकरीची कानटोपी घातली, वरून कुंची बांधली, अन् चहाच्या ग्लासावर शेकलेली ओव्याची पुरचुंडी कपाळाला. टोपीच तर घातली व्हती! अन् रांगेत दीड तास, ऊन मी म्हणतंय.

गेटावर प्लास्टिकच्या झग्यातली बाई. टोपी जरा वर सारून कपाळाला बंदूक लावली... टीं! "ताई, बाळाला ताप आहे. एकशे एक." ती म्हणाली, "बाजूला बसा, पंधरा मिनिटांनी परत बघू." आमचे हे म्हणतायत, "अगं, टोपी काढ आधी!" म्या म्हणलं, "काय बाप हाय का कोण? तापलेल्या लेकराची टोपी काढू?" अन् टोपी आणखी खाली ओढली, वरून पदर गुंडाळला, छातीशी घट्ट धरली... पंधरा मिनिटांनी टीं! एकशे दोन!

"एकाला ताप, तर बरोबरचे सगळे बाहेर. नियम आहे."

बाहेर आल्यावर ह्यांनी हिसकून टोपी काढली. शिवू घामानं निथळलेली. घाम वाळला तशी पोरगी कबुतरामागं पळायली, कपाळ माठासारखं गार! हे धावत गेटाला गेले, तर गेट बंद. बोटीनं भोंगा दिला.

तेवढ्यात भावजींचा फोन. "आई, मागच्या गच्चीवर हाय मी, हात हलवायलोय. दिसलो का?"

आत्याबाईंना मोतीबिंदू. त्यांना समोरचं गेट दिसंना. पण डबा काखेत धरून म्हणल्या, "दिसलास रं बाळा. लई वाळलास."

आत्याबाईंनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. येताना एसटीत त्याच शेंगापोळ्या वाटल्या, पयली माझ्या हातावर ठेवली.

आता थंडी पडलीय. शिवू सकाळपासनं शिंकतीय, पण टोपीला हात लावायची माझी छाती होत न्हाय. टोपीच तर हाय, पण न्हाय होत. शेवटी आत्याबाईंनीच खुंटीवरची काढून माझ्या हातात दिली.

"घाल गं खुशाल. आता कुठं जायचंय आपल्याला?"