लेसचे नकोत

चपलेचा तुटलेला अंगठा शिवून मिळेपर्यंत शिंपीणबाई दुकानातल्या बाकावर टेकल्या होत्या. शेजारी आसरा मागून या देशात आलेल्या मायलेकी बसल्या होत्या. मुलगी असेल आठेक वर्षांची. दुकानदार तिच्या पायाशी बूट घेऊन बसला होता.

"आई, इथली भाषा बोल. घरी आपली, बाहेर इथली, असं ठरलंय ना?"

"बरं बाई मास्तरीण. हे घाल बघू. तुझ्या वर्गात सगळ्यांचे असेच आहेत."

"लेसचे नकोत."

"का गं? गाठ मारता येत नाही?"

"येते. पण वेळ लागतो."

"घोड्यावर बसून आलीस का? कसली एवढी घाई?"

"दादा त्या दिवशी लेस बांधत बसला. म्हणून मागे राहिला."

शिंपीणबाई उगाच पर्स चाचपू लागल्या.

"इथे पळावं लागत नाही, बाळा. इथे कोणी येणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग आपली पिशवी भरून दाराशी का ठेवतेस?"

दुकानदाराच्या हातात बूट तसाच राहिला.

"बिनलेसचे दाखवा," आई म्हणाली. "तिच्या मापाचे. आणि माझ्याही."