ओवलेली साखर

लहानग्या लेकीचं, ईश्वरीचं वजन वाढत नव्हतं म्हणून अरुणा तिला घेऊन कळंबोलीच्या दवाखान्यात बसली होती. पिशवीत तिच्यासाठी मऊ भाताचा डबा होता. शेजारी एक म्हातारी आपल्या कॉलेजातल्या नातीशी वाद घालत होती.

"कैनात, मी साखर सोडली ना गो? चाय पन फिकी पिते. मग डॉक्टर भाताच्या मागं का लागला?"

"नानी, भात म्हणजे साखरच. झाड उन्हात साखर बनवतं, मग एन्झाइम ती माळेसारखी ओवतं."

"तो कोन?"

"कामगार समज. दुसरा एन्झाइम माळेचा तुकडा तोडून फांदीसारखा बाजूला जोडतो. तिसरा वेड्यावाकड्या फांद्या छाटतो, म्हणजे दाण्यात गच्च भरता येतं. पुढे कोंबाला खायला."

"कोंबाची शिदोरी मी खाल्ली म्हन की. मग गोड कशी नाय लागत?"

"ओवलेली असते ना. पोटात माळ तुटली की सुटी होते."

"बिनफांदीचा तांदूळ मिळंल?"

"कमी फांद्यांचा मिळतो. त्याचा भात मोकळा होतो, सावकाश पचतो. आपला चिकट, त्यात फांद्याच फांद्या. त्याची लगेच साखर."

"आनि मी सगल्यांना सांगते, मऊ भात खावा, तब्येतीला बरा."

अरुणाने पिशवी पायाने बाकाखाली सरकवली. तेवढ्यात तिचा नंबर आला.

"वजन तेवढंच आहे," डॉक्टर म्हणाले. "गोडाने भूक मरते. खाण्यात साखर घालता का?"

"नाही... म्हणजे, सुटी नाही घालत."

"मग?"

अरुणाने ईश्वरीकडे पाहिलं.

"ओवलेली देते."