फक्कीचा डबा

नाही नाही नाही — चाबी नका फिरवू भाऊ! दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं. पोकलेन मशीन गरम करून ठेवतो म्हणता? अहो अकोल्याचं ऊन आहे हे, उभ्या उभ्या गरम होते, डिझेल कायले जाळता! हाव, लाईन मीच देणार आहे. तुमच्या सेठनं बरोबर सांगतलं — आर्किटेक्ट येईन, चुन्याची लाईन मारून देईन, लाईनीच्या आतलं सगळं पाडायचं अन् भायेरच्या एका विटेले हात लावायचा नाही, बाजूले शाळेची भिंत आहे. ती आर्किटेक्ट मीच. काहून, नाही वाटत का? जाऊ द्या, कोणालेच नाही वाटत, कोणत्याही साईटवर गेली की पहिला सवाल — मॅडम, साहेब कवा येणार? साहेब म्हणजे माहे पप्पा, धर्मपाल सर. मी प्रियदर्शनी. अन् तुमी? गजेंद्रभाऊ. हां, त गजेंद्रभाऊ, चुन्याची थैली गाडीत आहे, फक्की माराचा डबा हा माह्या हातात आहे, मी तयारच आहे — फक्त पप्पाले एक फोन लावते, लागला की मारलीच लाईन समजा. सकाळपासून लागून नाही राहिला. तवरोक सावलीत त या! या, त्या खिडकीत बसा. काही नाही होत, हॉस्टेल रिकामं आहे, पोरी गेल्या साऱ्या, मी खोली न् खोली पाहून आली. एका खोलीत कंगवा राहिला होता, तेवढा घेतला. बसा.

कसं वाटते? थंड ना! फरशीले हात लावून पाहा — भायेर भट्टी पेटली अन् इथी माठाले टेकल्यावानी. आता पाय वर घ्या. घ्या ना, लाजता काय, कोण पाहून राहिलं. नाही मावून राहिले ना? गुडघे छातीले लागले ना? हां! हेच, हेच दाखवायचं होतं मले. ही चूक आहे. माह्या बापाची चूक आहे ही, अन् आमचं पूरं ऑफिस या चुकीवर उभं आहे, खोटं नाही सांगत. कोणं काढलं हे हॉस्टेल, माहीत आहे का? आमीच. अठ्ठ्याऐंशी साल. फर्मचं पहिलं काम. तुमी जे पाडाले आले ना भाऊ, ते आमचं पहिलं काम आहे — अन् पाडाची लाईन द्याले आलं कोण? आमीच. हसू नका. म्हणजे — हसा, काय करता दुसरं.

पप्पा तवा माह्याएवढेच होते. अमरावतीत सायकलच्या दुकानावर एक खोली, एक ड्रॉइंग बोर्ड, एक स्टूल — क्लायंट आला की स्टूल त्याले अन् पप्पा उभे. घरी शिकलेलं कोणीच नाही, आजी दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये, अन् पोरगा आर्किटेक्ट झाला म्हणजे नेमका काय झाला हे गावात कोणाले समजे ना. इंजिनिअर का? नाही. ओव्हरसियर का? नाही. मंग काय बाप्पा, पेंटर का? — अशात या संस्थेनं हे काम देलं, खेड्यातल्या पोरींसाठी हॉस्टेल. संस्थेवाल्याइचं म्हणणं, खिडक्या उंच पाहिजे, डोक्याच्या वर, कोणी डोकावलं नाही पाहिजे. पप्पानं खाली घेतल्या. म्हणे पोरगी दोन-तीन वर्षं इथी काढणार अन् तिले भायेरचं झाडही दिसू नये? लय भांडण झालं. शेवटी जाड भिंत, वरून मोठा छज्जा, भायेरून जाळी, अन् आत खिडकीतच बसून अभ्यास कराची जागा — असं मंजूर झालं. खालचा मजला झाला, पोरी राहाले आल्या, पप्पा खूश. अन् महिन्याभरात एक पोरगी एसटीनं अमरावतीले, डायरेक्ट ऑफिसात. नर्सिंगवाली. म्हणे, खिडकी तुमी काढली का? पप्पाले वाटलं तारीफ कराले आली, लगेच स्टूल देलं. म्हणे, तुमी बसून पाह्यलं का कधी तिच्यात?

बसलेच नव्हते ना! कागदावर मस्त दिसे. हातभर कमी पडली. ती म्हणे, पाय पसरता येत नाही, मांडी घालता येत नाही, कोंबड्या समजले का सर आमाले? — हे कोंबडीवालं मम्मी आजही बोलते, जेवताना, पाहुण्याइसमोर. हाव, मम्मीच. तीच ती. नाही हो, लगेच नाही झालं लग्न, मधात चार वर्षं गेली, ते सोडा. तिनं काय केलं, दुकानामागच्या मोकळ्या जागेत पप्पाले नेलं, चुना आणाले लावला, खऱ्या मापाची खिडकी जमिनीवर आखाले लावली अन् मधात बसली पाय लांब करून. म्हणे, आता काढा. दुसऱ्या वर्षी वरचा मजला चढला. समोरच्या विंगले वर पाहा, इथूनही दिसते — वरच्या खिडक्या लांब आहे का नाही? खाली चूक, वर दुरुस्ती. कोणाले सांगतलं त खरं नाही वाटत, पण भिंतीवर दिसून राहिलं ना!

तवापासून आमच्या ऑफिसात नियम. घर कोणाचंही असो, पहिले प्लॉटवर फक्की. पूरं घर चुन्यानं आखायचं, अन् घरच्या माणसाइनं त्याच्यात फिरून पाह्याचं, बसून पाह्याचं, तवाच पाया खोदायचा. अहो काय गंमत असते! लोक लाईनीच्या भायेर चपला काढते. भिंत नाही, दार नाही, नुसता चुना, तरी चपला काढते! एक सासू दर्यापूरची, सून स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चालत गेली त ओरडली — अगं भिंतीतून काय चालतं, दारातून जाय! अन् सून खरंच मागं फिरून दारातून गेली. असे घरं काढले पप्पानं. अन् येत कोण होतं? याच पोरी. इथल्या. कोणी मास्तरीण झाली, कोणी तलाठी, कोणी बँकेत लागली, अन् प्लॉट घेतला की पप्पाकडं — सर, मले तीच खिडकी पाहिजे, वरच्या मजल्यावरची. एकीचं पाहून दुसरी, दुसरीचं पाहून तिची नणंद. जाहिरात नाही, काही नाही. सायकलच्या दुकानावरून दोन खोल्या, मंग स्वतःचं ऑफिस, मंग अकोल्याची शाखा, दवाखाने, मंगल कार्यालयं, गावोगावचे विहार — विहाराची फी पप्पा घेत नाही, आजही नाही. आता बावीस जण आहे आमी. बावीस घरं म्हणा ना.

कोणाचा फोन? सेठचा? सांगा ना — मॅडम आली, काम सुरू आहे. खोटं काय त्याच्यात, बोलणं सुरूच आहे! ... काय म्हणे? घंट्याचं मीटर चालू आहे म्हणे? चालू द्या, आमच्याकडून लावा. थांबा, मी पाहते लावून. — नाही. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर." तीच बाई बोलून राहिली सकाळपासून, आता आवाज ओळखीचा झाला.

काम कमी आहे भाऊ, खरं सांगू का. बोलायचं नाही असं सांगून ठेवलं आहे मम्मीनं, पण तुमी कुठं कोणाले सांगणार. आता लोक मोबाईलवर नकाशा पाहते, बिल्डर एकच घर पन्नास वेळा छापते, फक्की कोणाले पाहिजे! अन् मागच्या उन्हाळ्यात संस्थेचे अध्यक्ष आले, भगवंतराव, गोड बोलतात हो, लय गोड — म्हणे हॉस्टेल पाडून कॉम्प्लेक्स करायचं आहे, रोडची जागा, सोनं आहे, पाडणार त आहोच, तुमी नाही काढलं त नागपूरवाले काढून देईन. तुमचं पहिलं काम, म्हणून पहिले तुमाले विचारलं. पप्पा पेन्सिलीले टोक करत बसले. मंग मीच बोलली. करू म्हटलं. कोणी त करणारच, मंग आमी काहून नाही? बावीस जणाइचं काय, सांगा ना! डिझाईन माहं आहे पूरं. चांगलं आहे, खोटं काहून बोलू, समोर काच, वर फूड कोर्ट, पार्किंग. पप्पाले दाखवलं, थ्रीडी, कॅमेरा आत फिरते असं. त्याइनं पूरं पाह्यलं अन् एकच विचारलं — यात बसून कोण पाहीन? मी म्हटलं, पप्पा, थ्रीडी आहे ना आता! पोट्ट्यावानी बोलली. अन् खरंच, भाऊ, फक्की मारून उभं कोणाले करायचं होतं? दुकानवाले अजून आलेच नाही, अन् ज्या राहत होत्या त्याइले त भायेर काढलं. कुठं आहे म्हणता पोरी? बायपासच्या पलीकडं, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. मी गेली होती पाहाले. खिडकी आहे. समोरच्या घराचा संडासचा पाईप दिसते. दोघी त गावीच गेल्या, सोडून देलं शिक्षण.

नाही, रडून नाही राहिली. चुना गेला डोळ्यात.

पप्पा कुठं आहे म्हणता? चिखलदऱ्याले. हाव, चिखलदऱ्याले, आज! सकाळी उठली त घरात नाही, मम्मी म्हणे, पहाटेच्या गाडीनं गेले, डोकं दुखते म्हणे, हवा खाऊन येतो. डोकं दुखते! टायफॉइडात दवाखान्यातून उठून आला होता हा माणूस लाईन माराले. पहिली लाईन पप्पाचीच असते ना भाऊ, कोणत्याही साईटवर. बाकीच्या मी मारते, ऑफिसातला शेखर मारते, कोणीही मारते, पण पहिली पप्पाची, अन् ती याच डब्यानं. दूध पावडरचा आहे, सायकलच्या दुकानातल्या खिळ्यानं भोकं पाडली होती बुडाले. सहा वर्षं झाली मले ऑफिसात, हात लावू देला नाही कधी. एकदा उचलला त म्हणे, ठेव, वेळ आली की देईन. अन् आज पाहा, एवढ्या मोठ्या कामाले स्वतः गायब, अन् डबा माह्या गाडीत विसरून गेले! बाजूच्या सीटवर, बेल्ट लावून, सांडू नये म्हणून —

थांबा.

विसरलेल्या डब्याले बेल्ट कोण लावते?

एक मिनिट. बोलू नका. तुमी बोलतच नाही आहा, माहीत आहे, मीच बोलून राहिली. म्हणजे... विसरले नाही ते. ठेवून गेले. वेळ आली की देईन — अन् जिथी रेंज लागत नाही तिथी जाऊन बसले, म्हणजे मी विचारूच नये. हो का नाही, हे त्याइले विचारूच नये. बाप्पा रे. पप्पा, लय बदमाश आहा तुमी, सांगून त जायचं! पूरं ऑफिस देलं अन् चूपचाप सीटवर ठेवून देलं, थर्मासवानी! अन् मी येडी सकाळपासून फोन लावून राहिली.

अन् माह्या हातची पहिली लाईन ही? ही, भाऊ? पाडाची?

उठा. उठा तिथून, गजेंद्रभाऊ. नाही — मशीनकडं नाही, म्हणजे मशीनकडंच, पण चाबी लावाले नाही. चढवा ती ट्रेलरवर. हाव, परत. परत म्हणजे परत! समोर एवढी मोकळी जागा पडली आहे रोडले लागून, दुकानंच पाहिजे त तिथी काढून देते मी भगवंतरावले, हॉस्टेलच्या विटेले हात न लावता. नाही आवडलं त नागपूरवाले आहेच, उद्या तुमाले दुसरा कोणी लाईन देईन, तवा या खुशाल, मी आडवी नाही येत. पण या डब्यानं नाही. बावीस जणाइचं काय करणार? माहीत नाही. खरंच माहीत नाही, असं नका पाहू माह्याकडं. आजचं भाडं ऑफिसातून घेऊन जा.

सेठ विचारीन, काम कोणं थांबवलं? विचारू द्या. नाही नाही, धर्मपाल सरचं नाव नका घेऊ, ते गावातच नाही. माहं सांगजा. प्रियदर्शनी. आर्किटेक्ट प्रियदर्शनी, असं पूरं सांगजा.

आला. नाही, पप्पाचा फोन नाही. भगवंतराव. जा तुमी, भाऊ, निघा आता — जा म्हटलं ना!

हॅलो. हो, साईटवरच आहे. नाही मारली. ... नाही, साहेब नाही येणार. मले सांगा.