बसायचं बटण

चाकणच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर नऊ वर्षं काढून मी सॉफ्टवेअरमध्ये कसा शिरलो, ते ऐका. शिफ्ट संपली की घरी हौसेनं एक गेम बनवत होतो, कारखान्यात बोल्ट आवळणाऱ्या माणसाचा. इंटरव्ह्यूला तोच दाखवला. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी जरा वेळ खेळून विचारलं, "याला खाली बसवायचं बटण कुठंय?"

म्हटलं, "ठेवलंच नाही, मॅडम. लाइनवर बसायला कुठं मिळतं?"

त्या हसल्या. नोकरी मिळाली.

पहिल्याच दिवशी दुपारी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "सकाळपासून उभ्यानंच काम करताय. खुर्ची मोडलीय का?"

खुर्ची नवीकोरी होती, राव. पायांचे तुकडे पडले होते, पण बसायचं मलाच सुचलं नव्हतं.